कानांत सांगितलेली जाहिरात

दिनांक ५ मे २०२४ रोजीं सायंकाळीं सहाच्या ठोक्यास किल्लारींतील प्रचाराचे भोंगे बंद झाले. आमचा औसा तालुका जिल्ह्यानें लातूरचा असला, तरी लोकसभेसाठीं तो उस्मानाबाद मतदारसंघांत मोडतो, आणि तेथील मतदान ७ मे रोजीं होतें. १९५१ सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें १२६ वें कलम असें सांगतें कीं, मतदान संपण्याच्या वेळेआधीं अठ्ठेचाळीस तास त्या मतदारसंघांत सभा वा मिरवणूक व्हावयाची नाहीं, आणि चित्रपट, दूरचित्रवाणी वा तत्सम साधनानें निवडणुकीचा मजकूर दाखवावयाचा नाहीं. भंग करणारास दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. कायदा करणारांचा हेतु उघड आहे. मतदारास दोन रात्री शांत मिळाव्या, घरांतल्या घरांत चार गोष्टी बोलतां याव्या, आणि मग त्यानें केंद्रावर जावें.

भोंगे बंद झाले खरे. पण खिशांतला भोंगा चालूच राहिला. नांदेडचें मतदान २६ एप्रिलला होऊन गेलें होतें. बीड, जालना व औरंगाबाद येथील १३ मे रोजीं व्हावयाचें होतें. म्हणजे आमच्याकडे मौन आणि शेजारच्या जिल्ह्यांत सभांचा गजर, असा प्रकार. बीडकडे केलेलें भाषण किल्लारीच्या माणसास मोबाइलवर ऐकूं येतें ह्यांत कोणाचाच दोष नाहीं. वाऱ्यास कोण अडविणार? परंतु वाऱ्यानें आलेला आवाज आणि पैसे मोजून, गांव व वय निवडून, अमक्याच माणसाच्या हातांत नेऊन दिलेला मजकूर ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. समाजमाध्यमांतील राजकीय जाहिरातींवर बंधन असावें काय, हा प्रश्न ह्या दुसऱ्या गोष्टीपुरता आहे. माझें उत्तर ‘असावें’ असें आहे. मात्र तें बंधन कशावर असावें, ह्याविषयीं माझें मत अनेक मित्रांच्या मतांहून वेगळें आहे, म्हणून हा लेख.

ही जाहिरात चालते कशी, तें आधीं पाहूं. फेसबुक, गूगल इत्यादि कंपन्या आपल्याकडून पैसा घेत नाहींत. आपलें लक्ष त्या विकतात. आपण काय पाहतों, कोठें राहतों, वय काय, बाई कीं पुरुष, कशावर बोट किती वेळ थांबतें, ह्याची नोंद त्यांच्यापाशीं असते. जाहिरातदार येऊन सांगतो, ‘अमुक तालुक्यांतील, अठरा ते पंचवीस वयाचे, नोकरभरतीचीं पानें पाहणारे तरुण मला द्या.’ तितक्यांनाच ती जाहिरात दिसते. जाहिरातदारानें स्वतःजवळची दूरध्वनि-क्रमांकांची यादी दिली, तर त्या यादींतील माणसें शोधून काढण्याचीही सोय आहे. साबण विकणारानें असें केलें तर फारसें बिघडत नाहीं. साबण वाईट निघाला तर दुसरा घ्यावा. सरकार मात्र पांच वर्षें बदलतां येत नाहीं, आणि तें एकट्याचें नसतें.

नोव्हेंबर २०२४ मधील विधानसभेच्या निवडणुकींत आमच्याच घरांत ह्याचा अनुभव आला. घरांत माणसें नऊ व मोबाइल पांच. थोरला चिरंजीव शेती पाहतो. त्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरला होता आणि बाजारांत तितका मिळेना. त्याच वर्षीं १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारनें कच्च्या खाद्यतेलावरील आयातकर साडेपांच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला होता. चिरंजीवाच्या मोबाइलवर एका बाजूची जाहिरात येई, तींत ह्या करवाढीचें श्रेय घेतलेलें असे. शेतकऱ्याचा माल राखला, असें. सूनबाईच्या मोबाइलवर त्याच बाजूची जाहिरात येई, तींत करवाढीचा उल्लेख नाहीं. केवळ लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये. विरुद्ध बाजूही मागें नव्हती. चिरंजीवास सांगे, तुमचें सोयाबीन मातीमोल झालें. सूनबाईस सांगे, तेलाचा डबा महागला. एका रात्रीं जेवणें उरकल्यावर सर्वांनी आपापले मोबाइल ओसरीवर मांडले, तेव्हां सूनबाई म्हणाली, “मामंजी, ह्यांना वाटतं आम्ही नवराबायको एका घरांत राहतच नाही!”

ह्याहून नेमकें मला बोलतां आलें नसतें. चारही जाहिरातींत तसें खोटें एक अक्षर नव्हतें. परंतु सोयाबीनचा भाव चढला तर तेलाचा भाव उतरत नाहीं, हा साधा संसारी हिशेब चौघांपैकीं एकानेंही मांडला नव्हता. आणि मांडण्याची गरजही नव्हती, कारण दोन्ही अर्धीं सत्यें एका कानीं पडणारच नव्हतीं. चौकांतल्या सभेंत वक्त्यास ही सोय नसते. तेथें शेतकरी व त्याची गृहिणी, व्यापारी व हमाल एकत्र बसलेले असतात. एकास गोड लागेल तें दुसऱ्यास कडू लागतें, आणि म्हणून वक्त्यास कांहीं तरी मेळ घालून बोलावें लागतें.

ज्यांनीं लहानपणीं पंचतंत्र वाचलें असेल, त्यांस मित्रभेद आठवेल. दमनक कोल्हा पिंगलक सिंहास एकांतांत गांठून सांगतो कीं, संजीवक बैल तुझ्यावर उठला आहे. आणि संजीवकास एकांतांत गांठून सांगतो कीं, सिंह तुला खाणार. दोघांच्या मनांत भय भरल्यावर दोघे समोरासमोर येतात तेव्हां एकमेकांच्या मुद्रेवर तेंच दिसतें जें कानांत सांगितलेलें असतें. त्या कथेंतील सर्व अनर्थाचें मूळ दमनकाच्या वाक्चातुर्यांत नाहीं, एकांतांत आहे. दोघे मित्र एकत्र बसले असतां त्यानें तीच वाक्यें उच्चारलीं असतीं, तर त्याची फजिती झाली असती. शाळेंत ही कथा मीं तीस वर्षें शिकविली. पण दमनकास एका वेळीं लाखो सिंहांच्या व लाखो बैलांच्या कानांशीं निरनिराळें बोलतां येईल, असें यंत्र निघेल ही कल्पना विष्णुशर्म्यासही आली नसेल. कौटिल्याचे गूढपुरुष तीर्थांत, सभांत, लोकसमूहांत शिरून मुद्दाम वाद उपस्थित करीत आणि लोकांचें मन चांचपीत. तेही निदान चारचौघांत बोलत.

हें भय पुस्तकी नाहीं. मार्च २०१८ मध्यें केंब्रिज ॲनालिटिका ह्या इंग्रजी कंपनीचें प्रकरण उघडकीस आलें. फेसबुकवरील सुमारें ८ कोटि ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या संमतीवांचून तिच्या हातीं गेली असावी, असा अंदाज खुद्द फेसबुकनें दिला. तिच्यामुळें निवडणुकींचे निकाल कितपत फिरले ह्यावर विद्वानांत मतभेद आहे, आणि मला वाटतें तिच्या शक्तीचें वर्णन तिनें स्वतःच फुगवून केलें असावें. जाहिरातदार आपली जाहिरात करणारच. परंतु माहिती गेली हें खरें.

आतां आपल्या शेजारचें एक प्रकरण पाहूं. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यांतील भोकर मतदारसंघांतून निवडून आले. त्या काळांत कांहीं मराठी वृत्तपत्रांतून त्यांच्या स्तुतीचीं पानेंच्या पानें बातमी म्हणून छापून आलीं, आणि निरनिराळ्या वृत्तपत्रांत तोच मजकूर अक्षरशः आढळला. पत्रकार पी. साईनाथ यांनीं हें प्रकरण बाहेर काढलें. उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबांत वृत्तपत्रीय जाहिरातींचा आंकडा ५,३७९ रुपये होता. प्रतिस्पर्धी माधवराव किन्हाळकर यांनीं तक्रार केली. चव्हाणांनीं आरोप नाकारला. मे २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हिशेब खरा कीं खोटा हें तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगास आहे. जुलै २०१४ मध्यें आयोगानें चव्हाणांविरुद्ध आदेश काढला, आणि सप्टेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें तो रद्द केला.

कोण चुकला हें ठरविणें माझें काम नाहीं. न्यायालयानें आपलें काम केलें. मला ह्या प्रकरणांतील एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. वाद पांच वर्षें चालूं शकला, कारण कागद होता. वृत्तपत्रांच्या जुन्या फाइली कोणासही काढून पाहतां येत होत्या; हें पान, ही तारीख, हा मजकूर, असें बोट ठेवतां येत होतें. तोच मजकूर मोबाइलवर निवडक दहा हजार माणसांना दाखवून चार दिवसांनीं काढून घेतला असता, तर साईनाथांनीं काय पाहिलें असतें आणि आयोगापुढें काय मांडलें गेलें असतें?

उघडेपणाचें दुसरें उदाहरण औशाचेंच. ९ एप्रिल २०१९ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं तेथील सभेंत, प्रथमच मत देणाऱ्या तरुणांस आपलें मत बालाकोटच्या हवाई हल्ल्यांतील वीर जवानांस अर्पण करण्याचें आवाहन केलें. सैन्याचें नांव प्रचारांत आणलें म्हणून तक्रार झाली. आयोगानें आचारसंहितेचा भंग झाला नाहीं असें ठरविलें. निर्णय कोणास पटला, कोणास पटला नाहीं. परंतु हजारोंनीं ऐकलेल्या शब्दांवर तक्रार, विचार व निर्णय हें सर्व होऊं शकलें.

महाराष्ट्रांत हा प्रश्न न्यायालयापुढें सरळ आला तो त्याच सुमारास. मतदानापूर्वींच्या अठ्ठेचाळीस तासांत समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिराती बंद असाव्या, ह्यासाठीं मुंबई उच्च न्यायालयांत जनहित याचिका दाखल झाली, आणि जानेवारी २०१९ मध्यें मुख्य न्यायमूर्ति नरेश पाटील यांच्या खंडपीठापुढें तिची सुनावणी झाली. आयोगाच्या वकिलांची अडचण खरी होती: पक्ष व उमेदवार यांना कायदा लागू आहेच, परंतु एखाद्या खाजगी माणसानें आपल्या पानावर एखाद्या पुढाऱ्याची स्तुति केली, तर त्यास कसें अडवावें? अडवूं नये, असेंच मी म्हणेन. परंतु त्याच माणसानें ती स्तुति दूरवर पोंचविण्यासाठीं पैसे मोजले, तर तो त्या घटकेपासून जाहिरातदार झाला.

पुढें २० मार्च २०१९ रोजीं ह्या कंपन्यांनीं आयोगास एक ऐच्छिक संहिता सादर केली. मौनकाळांतील भंगाची सूचना आयोगाकडून येतांच तीन तासांत कारवाई करूं, आणि राजकीय जाहिरातींचें दप्तर खुलें ठेवूं, असें त्यांत वचन आहे. त्याआधीं, ऑक्टोबर २०१३ मध्येंच आयोगानें समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिराती पूर्वप्रमाणित करून घ्याव्या व त्यांचा खर्च हिशेबांत दाखवावा, असा आदेश काढला होता. म्हणजे नियम नाहींत असें नव्हे. पण ‘ऐच्छिक’ ह्या शब्दापाशीं मी अडखळतों. ज्या एकादशीच्या फराळाची यादी उपास करणारानेंच ठरवावयाची, त्या एकादशीस साबुदाण्याबरोबर काय काय चालतें हें गृहिणींस सांगावयास नको. शिवाय सूचना द्यावयाची कोणी? ज्याच्या मोबाइलवर जाहिरात आली तोच ती पाहतो, आणि त्याला ती आवडलेली असते, कारण ती त्याच्या आवडीवरूनच बेतलेली असते. विरोधकास ती दिसतच नाहीं.

दप्तर खुलें आहे, हें मान्य केलें पाहिजे. २०१९ पासून फेसबुक व गूगल यांचीं भारतांतील राजकीय जाहिरातींचीं दप्तरें कोणीही पाहूं शकतो. माझ्या नातवानें मला तीं उघडून दाखविलीं. तेथें एकेका जाहिरातीचा खर्च नेमक्या आंकड्यानें न देतां ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा दिलेला असतो. पैसे कोणी दिले त्या जागीं पुष्कळदां पक्षाचें वा उमेदवाराचें नांव नसून एखाद्या पानाचें वा मंडळाचें नांव असतें. त्या मंडळाची तिजोरी कोठें आहे हें तेथें लिहिलेलें नसतें. उमेदवाराच्या संमतीवांचून त्याच्या प्रचारार्थ परस्पर खर्च करणें हा आपल्या फौजदारी कायद्यांत पूर्वींपासून गुन्हा आहे, आणि आतांच्या भारतीय न्याय संहितेंतही तें कलम आहे. कलम आहे, नांव नाहीं. मग कलम लावावें कोणास?

इतकें वाचून कोणी म्हणेल, मग सरसकट बंदीच कां नको? येथें मला थांबावेंसें वाटतें. आम्ही मराठवाड्याचे लोक ‘बंदी’ हा शब्द सहज उच्चारीत नाहीं. निजामी राजवटींत ‘गश्ती निशाण ५३’ ह्या फर्मानाखालीं सभा भरविण्यास आधीं परवानगी काढावी लागे. माझे वडील सांगत कीं, परवानगी नाकारली गेली नाहीं तरी ती येईपर्यंत सभेचें प्रयोजन संपलेलें असे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तें सारें गेलें. कोणी काय बोलावें हें ठरविण्याचा अधिकार पुनः कोणा अधिकाऱ्याच्या, अथवा कोणा परदेशी कंपनीच्या, हातीं द्यावा असें मला वाटत नाहीं.

बंदीचा जाच होतो तो दुबळ्यास. ज्याच्यापाशीं गांवोगांव कार्यकर्ते, वाहनें, वृत्तपत्रांतील पानें आहेत, त्यास मोबाइलवरील जाहिरात नसली तरी चालतें. अपक्ष शाळामास्तरास किंवा नव्या पक्षाच्या तरुणास कांहीं हजार रुपयांत तालुकाभर आपलें नांव पोंचविण्याची हीच एक सोय. उमेदवारास खर्चाची मर्यादा आहे; २०२२ पासून ती महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत विधानसभेस ४० लाख व लोकसभेस ९५ लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चास मात्र मर्यादाच नाहीं. एकास माप लावावयाचें आणि दुसऱ्याचें कोठार उघडें ठेवावयाचें, ही मुळांतली गोम आहे, आणि ती मोबाइल येण्यापूर्वींची आहे.

परदेशांतील अनुभवही विचार करावयास लावणारा आहे. ट्विटर कंपनीनें नोव्हेंबर २०१९ मध्यें सर्व राजकीय जाहिराती आपण होऊन बंद केल्या. मालक बदलला, आणि २०२३ च्या आरंभीं तोच निर्बंध सैल करण्यास सुरुवात झाली. एका मालकाच्या मर्जीनें आलेलें बंधन दुसऱ्याच्या मर्जीनें गेलें. त्यास नीति म्हणतां येत नाहीं. युरोपीय संघानें २०२४ मध्यें रीतसर कायदा केला व ऑक्टोबर २०२५ पासून तो पूर्णपणें अंमलांत आला. जाहिरातीवर पैसे देणाराचें नांव असावें, आणि माणसाची खाजगी माहिती वापरून त्यास हेरण्यावर कडक मर्यादा असाव्या, असा त्याचा रोंख. त्यावर गूगल व फेसबुकची मूळ कंपनी मेटा ह्यांनीं काय केलें? नियम फार अवघड म्हणून युरोपांत राजकीय जाहिराती घेणेंच बंद केलें. त्यांत तेथील लहान पक्षही होरपळले असतील. तरी ‘उघड्यावर विकावें लागेल’ असें म्हणतांच दुकान बंद झालें, ही गोष्ट त्या मालाविषयीं बरेंच सांगून जाते.

तेव्हां माझें म्हणणें असें कीं, बंधन मजकुरावर नसावें, एकांतावर असावें. छापखाना नवा होता तेव्हां आपल्या पूर्वजांपुढें असाच प्रश्न आला होता. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचें नांव व स्थळ छापणें सक्तीचें झालें. आजही निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें व पत्ते नसतील तर कायद्याच्या १२७-अ कलमाखालीं सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. भिंतीवरच्या एका चिटोऱ्यास जो नियम, तोच हातांतल्या चित्रास असावा; आणि नांव पानाचें नव्हे, पैसा ज्याच्या थैलींतून निघाला त्याचें असावें. दुसरें, मतदारसंघाहून लहान तुकडा पाडून जाहिरात विकण्यास मनाई असावी. औशाच्या उमेदवारानें औशास सांगावें; पण चिरंजीवास एक व सूनबाईस दुसरें, असें नको. जाहिरातदार म्हणतील, ह्यानें खर्च वाढेल. वाढेल, परंतु अधिक लोकांस ऐकवावयाचें म्हणजे बोलणेंही अधिक लोकांस पटेल असें करावें लागेल, आणि सभेंत नेमकें हेंच होतें. मौनकाळाविषयीं म्हणाल, तर पैसे घेऊन दाखविलेली जाहिरात त्या अठ्ठेचाळीस तासांत कंपनीनें सूचनेची वाट न पाहतां थांबवावी. गांव निवडून जाहिरात दाखवितां येते, तर गांव निवडून ती थांबवितांही आलीच पाहिजे.

एवढ्यानें सर्व अनर्थ टळेल, असा माझा भ्रम नाहीं. व्हॉट्सॲपवरून जें हातोहात पसरतें त्यास कोणी पैसे देत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारे आल्याच्या अफवेवरून पांच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावानें ठार मारलें. त्या अफवेमागें जाहिरात नव्हती. तो रोग निराळा, त्याचें औषधही निराळें. बनावट आवाज व चेहरे ह्यांचें तर नवेंच संकट आहे. असा मजकूर सूचना मिळाल्यापासून तीन तासांत काढून टाकावा, अशी ताकीद आयोगानें पक्षांस दिली ती ६ मे २०२४ रोजीं, म्हणजे आमच्या मतदानाच्या आदल्याच दिवशीं. आणि हल्लीं लहान लहान चित्रफिती करणारीं गांवोगांवचीं तरुण मुलें आहेत. त्यांनीं एखाद्या पुढाऱ्याचें कौतुक केलें तर तें मनापासून कीं मानधनापासून, हें कोणत्याही दप्तरांत दिसत नाहीं. ह्या शेवटच्या गोष्टीस उपाय मला सुचलेला नाहीं.

जें हातांत आहे तें मात्र करतां येण्यासारखें आहे. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवारास खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि १९६१ च्या नियमांप्रमाणें एक रुपया शुल्क भरून तो कोणासही पाहतां येतो. समाजमाध्यमांवरील जाहिरातींचा खर्च त्यांत असावयास पाहिजे. कंपन्यांचें दप्तर घरबसल्या फुकट पाहतां येतें. दोन्ही शेजारीं ठेवून ताळा पाहणें हें फारसें विद्वत्तेचें काम नव्हे. महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींना एका सुटींत होण्याजोगें आहे. आमच्या नातवास मीं तें सांगितलें आहे. येत्या निवडणुकीचा हिशेब दाखल होतांच लातुरास जाण्याचें त्यानें कबूल केलें आहे; रुपया मीं देणार आहें.